ट्रेस वाचणारा इंजिनिअर कसा घडवायचा: मोबाइल सिग्नलिंगच्या प्रशिक्षणाची आखणी

टेलिकॉममध्ये नव्याने आलेल्या इंजिनिअरला बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यात प्रोटोकॉल स्टॅकची चित्रं दाखवतात. खाली फिजिकल लेअर, वर मॅक, आरएलसी, पीडीसीपी, आरआरसी (फोन आणि टॉवरमधलं नियंत्रण), नॅस (फोन आणि कोअर, म्हणजे नेटवर्कचा मध्यवर्ती भाग, यांच्यातलं नियंत्रण). चित्रं पाठ होतात, परीक्षाही होते. मग ग्राहकाची पहिली खरी तक्रार येते आणि हाच इंजिनिअर वायरशार्क या पॅकेट वाचण्याच्या साधनात ट्रेस, म्हणजे नेटवर्कवरच्या संदेशांची नोंद, उघडून लाल रंगाची ओळ शोधत खाली-वर करत बसतो. दोष त्याचा नसतो. त्याला संदेशांची नावं शिकवलेली असतात, पण एक संदेश दुसऱ्याशी कशाने बांधलेला आहे ते कुणी दाखवलेलं नसतं.

कंपनीत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये चार-सहा जणांना सिग्नलिंग, म्हणजे फोन आणि नेटवर्क चालवणारे नियंत्रणाचे संदेश, शिकवायची जबाबदारी ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एकट्याने शिकणाऱ्यालाही यातलं बहुतेक सगळं वापरता येईल. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: एका फोनची एकच प्रक्रिया या टोकापासून त्या टोकापर्यंत हातात बसवा, मग ती मुद्दाम मोडा, आणि मोडलेल्या ट्रेसमध्ये पहिली विसंगती कुठे आहे ते शोधायला लावा. शेवटची चूक कुणालाही दिसते. ती बहुधा परिणाम असते, कारण तिच्या कितीतरी आधी घडून गेलेलं असतं.

आधी ४जी, मग ५जी

५जीपासूनच सुरुवात करावी असा मोह होतो. मी तसं करू नका म्हणेन. ४जीच्या अटॅच प्रक्रियेत, म्हणजे फोन नेटवर्कला जोडला जाताना, फोनची ओळख, ऑथेंटिकेशन, सुरक्षा, ग्राहकाची माहिती, डेटा बेअरर (डेटा वाहून नेणारी वाट) आणि आयपी पत्ता हे सगळं एकाच धाग्यात येतं. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगलं पहिलं उदाहरण नाही. शिवाय ही जुनी विद्या झालेली नाही. जिओने ५जी स्टँडअलोन, म्हणजे ५जीच्याच कोअरवर चालणाऱ्या, पद्धतीने उभं केलं असलं तरी एअरटेलने सुरुवात नॉन-स्टँडअलोनने केली, आणि त्यात फोनचं नियंत्रण ४जीच्या कोअरकडेच राहतं. टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांनी मिळून उभारलेलं बीएसएनएलचं स्वदेशी ४जी तर सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं. ४जीचा ट्रेस वाचणाऱ्या माणसाची गरज अजून बरीच वर्षं राहणार आहे.

लॅब: एक लॅपटॉप पुरतो

जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजांतली मुलं समजतात की यासाठी कोट्यवधींची यंत्रणा लागते. लागत नाही. उबुंटू चालणारा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो.

कोअरसाठी ओपन५जीएस घ्या. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात ४जी आणि ५जी दोन्हींचे कोअर आहेत, आणि प्रत्येक नोड, म्हणजे कोअरमधलं एकेक काम सांभाळणारा भाग, वेगळी प्रोसेस म्हणून चालतो. शिकवायच्या दृष्टीने हा वेगळेपणा फार मोलाचा, कारण हवा तो नोड एकटा बंद पाडता येतो. ४जीच्या रेडिओसाठी एसआरएसरॅन ४जी या मुक्त सॉफ्टवेअरमधले ईनोडबी (४जीचा टॉवर) आणि यूई (फोन) वापरा आणि दोघांना झीरोएमक्यू या सॉफ्टवेअर दुव्याने जोडा. म्हणजे अँटेना नाही, रेडिओ हार्डवेअर नाही, पण आरआरसीपासून वरचा सगळा व्यवहार खरा. यूईला वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (लिनक्समधल्या स्वतंत्र नेटवर्क कप्प्यात) ठेवायला विसरू नका, नाहीतर डेटा कोअरमधून न जाता लिनक्सच्या आतल्या आतच वळेल.

झीरोएमक्यूचा आग्रह सोयीपुरता नाही. भारतात परवानगीशिवाय मोबाइलच्या बँडमध्ये रेडिओ लहरी सोडणं गुन्हा आहे, आणि ‘लॅबमध्येच तर होतं’ हे कारण चालत नाही. खरा रेडिओ वापरायचाच असेल तर रीतसर परवानगी घ्या.

ओपन५जीएसच्या मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक नोडला लूपबॅकवरचा (लॅपटॉपच्या आतल्या आत चालणाऱ्या जोडणीवरचा) स्वतःचा पत्ता असतो: एमएमई (फोनचं नियंत्रण करणारा नोड) १२७.०.०.२, एसजीडब्ल्यूचा (टॉवरकडच्या डेटा गेटवेचा) कंट्रोल भाग १२७.०.०.३, पीजीडब्ल्यूचं (इंटरनेटकडच्या गेटवेचं) काम करणारा एसएमएफ १२७.०.०.४, एचएसएस (ग्राहकांची नोंदवही) १२७.०.०.८. हा तक्ता फळ्यावर लिहून ठेवा आणि कॅप्चर लूपबॅकवरच घ्या. पोर्टही तोंडपाठ हवेत: एस१एपी (ईनोडबी आणि एमएमईमधला) एससीटीपीवर ३६४१२, डायमीटर (एमएमई आणि एचएसएसमधला) ३८६८, जीटीपीचा (डेटाची वाट बांधणाऱ्या प्रोटोकॉलचा) कंट्रोल यूडीपी २१२३ आणि यूजर डेटा २१५२, पीएफसीपी (गेटवेच्या कंट्रोल आणि डेटा भागांमधला) ८८०५, एस१एपीचं ५जीमधलं रूप एनजीएपी ३८४१२. पाठांतराचा मी एरवी फारसा पुरस्कर्ता नाही. पण हे सहा आकडे डोक्यात असले की ट्रेस उघडताक्षणी कोण कुणाशी बोलतंय ते दिसू लागतं.

पहिला धडा लॅब उभारतानाच मिळतो. ओपन५जीएसचा मूळ पीएलएमएन (नेटवर्कचा ओळख क्रमांक) ९९९-७० असतो आणि एसआरएसरॅनचा ००१-०१. दोन्ही तसेच ठेवून ईनोडबी चालू करायला सांगा. एमएमई एस१ सेटअप नाकारेल. आता ‘गूगल करू नका, ट्रेस उघडा’ म्हणा. एस१ सेटअप फेल्युअरच्या आतलं कारण आणि त्याच्या आधीच्या सेटअप रिक्वेस्टमधला पीएलएमएन स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहिलेला विद्यार्थी ती गोष्ट विसरत नाही.

ट्रेस उघडण्याआधी कागद

पुढची पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती गाळू नका. प्रत्येकाने अटॅचचा कॉल फ्लो हाताने कागदावर काढायचा: उभ्या रेषा यूई, ईनोडबी, एमएमई, एचएसएस, एसजीडब्ल्यू आणि पीजीडब्ल्यूच्या, आडवे बाण संदेशांचे. संदर्भ मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीचा दस्तऐवज २३.४०१. थ्रीजीपीपीचे सगळे दस्तऐवज फुकट मिळतात, तेव्हा कुणाच्या तरी प्रेझेंटेशनवरून उतरवून घेण्याचं कारण नाही.

दस्तऐवज वाचण्याचाही क्रम असतो. २३ मालिका प्रक्रियेची कथा सांगते. संदेशाच्या आत काय आहे ते २४ आणि २९ मालिकेत मिळतं: ४जीच्या नॅससाठी २४.३०१, जीटीपीसाठी २९.२७४, एचएसएस आणि एमएमईमधल्या एस६ए डायमीटरसाठी २९.२७२. एस१एपी ३६.४१३ मध्ये आणि आरआरसी ३६.३३१ मध्ये. पहिल्या पानापासून वाचायला कुणालाही सांगू नका. हातात प्रश्न घेऊनच त्या दस्तऐवजात शिरायचं.

कागदावरचा फ्लो पूर्ण झाला की प्रत्येक बाणाखाली दोन गोष्टी लिहायला लावा. या संदेशात ग्राहकाची ओळख कोणत्या रूपात आहे? आणि याचं उत्तर आलं नाही तर कोण, किती वेळ थांबेल? खरं शिक्षण या दोन प्रश्नांपासून सुरू होतं.

ओळखीची साखळी

नवशिक्याची सगळ्यात घट्ट सवय म्हणजे ट्रेसमध्ये आयएमएसआय (सिमचा कायमचा ओळख क्रमांक) शोधायचा आणि सापडलेल्या चार पॅकेटवरून निष्कर्ष काढायचा. ही सवय लवकर मोडायला हवी, म्हणून इथे हवा तेवढा वेळ द्या.

पहिल्यांदा अटॅच होणारा फोन आयएमएसआय देतो, पण नंतर तो एमएमईने दिलेली तात्पुरती ओळख, म्हणजे गुटी, वापरतो. एस१एपीवर ईनोडबी इनिशियल यूई मेसेजमध्ये स्वतःचा एक आयडी लावतो, आणि एमएमई पहिल्या डाउनलिंक संदेशात त्याला आपला आयडी जोडतो. तिथून पुढे त्या फोनचा एस१एपीवरचा सगळा संवाद या दोन आकड्यांच्या जोडीवर चालतो. आयएमएसआय पुन्हा येईलच असं नाही.

डायमीटरवर एमएमईच्या ऑथेंटिकेशन इन्फर्मेशन रिक्वेस्टमध्ये यूजर-नेम म्हणून आयएमएसआय असतो. एचएसएसच्या उत्तरात तो नसतो. म्हणजे आयएमएसआयवर फिल्टर लावलं की प्रश्न दिसतो, उत्तर दिसत नाही, आणि नवखा इंजिनिअर ‘एचएसएसने उत्तरच दिलं नाही’ असा अहवाल लिहून मोकळा होतो. प्रश्न-उत्तर जुळवायचं ते सेशन-आयडी आणि हॉप-बाय-हॉप आयडीवरून.

जीटीपीची साखळी सगळ्यात सुंदर आहे. एमएमई एस११वर (एसजीडब्ल्यूशी असलेल्या दुव्यावर) क्रिएट सेशन रिक्वेस्ट पाठवतो तेव्हा हेडरमधला टीईआयडी (जीटीपीच्या टनेलचा ओळख क्रमांक) शून्य असतो, कारण समोरच्याचा टीईआयडी अजून माहीत नाही. स्वतःचा टीईआयडी तो संदेशाच्या आत देतो, आणि उत्तराच्या हेडरमध्ये नेमका तोच आकडा परत येतो. त्या उत्तरात एसजीडब्ल्यूचा एस१-यू (ईनोडबीशी असलेल्या डेटा दुव्यावरचा) पत्ता आणि टीईआयडी असतो. एमएमई तो इनिशियल कॉन्टेक्स्ट सेटअप रिक्वेस्टमध्ये घालून ईनोडबीला देतो. ईनोडबी आपला पत्ता त्याच्या उत्तरात देतो, आणि तो एमएमईकडून मॉडिफाय बेअरर रिक्वेस्टमधून एसजीडब्ल्यूकडे जातो.

विद्यार्थ्यांना हा एक आकडा वेगळ्या रंगाच्या पेनने सगळ्या संदेशांतून ओढत न्यायला लावा. मग विचारा: मॉडिफाय बेअरर गेलाच नाही तर ग्राहकाला काय जाणवेल? ज्याला साखळी समजली तो सांगेल की फोनकडून वर जाणारा डेटा जाईल, पण खाली येणारा अडकेल, कारण ईनोडबी कुठे आहे हे एसजीडब्ल्यूला कळलेलंच नाही. हे उत्तर आलं की पुढच्या भागाकडे वळायला हरकत नाही.

कुलूपबंद संदेश

ओपन५जीएसच्या मूळ क्रमवारीत नॅस एन्क्रिप्शनसाठी ईईए० पहिला असतो, म्हणजे एन्क्रिप्शन नाहीच. सुरुवातीला तसंच राहू द्या आणि वायरशार्कच्या नॅस-ईपीएस सेटिंगमध्ये ईईए० संदेश उलगडण्याचा पर्याय चालू करा. तो बंद असला तर उघडा संदेशही बंद दिसतो आणि अख्खी दुपार वाया जाते.

सगळे रुळले की क्रमवारी बदलून ईईए२, म्हणजे खरं एन्क्रिप्शन, पुढे आणा आणि तोच अटॅच पुन्हा घ्या. सिक्युरिटी मोड कमांड वाचता येईल, पण त्याच्यापुढचा सिक्युरिटी मोड कम्प्लीट आणि नंतरचे सगळे नॅस संदेश वाचता येणार नाहीत. खऱ्या नेटवर्कमध्ये बहुतेक वेळा हेच समोर येतं. अशा वेळी आजूबाजूच्या उघड्या संदेशांवरून अंदाज बांधायला शिकवायचं: बंद डाउनलिंक संदेशाच्या लगेच आधी डायमीटरवर काय आलं, त्याच्या लगेच नंतर यूई कॉन्टेक्स्ट रिलीज झाला का, त्यात कारण काय लिहिलंय.

आता मोडा

एका वेळी एकच गोष्ट मोडायची. विद्यार्थ्याने आधी कागदावर लिहायचं की ट्रेस नेमका कुठे थांबेल आणि कोणतं कारण दिसेल. मगच कॅप्चर.

*सिमची चुकीची किल्ली.* कोअरच्या डेटाबेसमधली के, म्हणजे सिमची गुप्त किल्ली, बदला. फोन ऑथेंटिकेशन फेल्युअर पाठवेल, कारण २०, मॅक फेल्युअर (इथला मॅक म्हणजे संदेश पडताळण्याचा कोड, लेअर नव्हे). इथे नेटवर्कने फोनला नाकारलेलं नाही, फोनने नेटवर्कला नाकारलं आहे. विश्वास दोन्ही बाजूंनी तपासला जातो, हे समजावून सांगण्यापेक्षा असं दाखवलेलं जास्त पटतं.

*क्रमांक मागेपुढे.* एसक्यूएन, म्हणजे सिम आणि एचएसएस दोघांनी ठेवलेला ऑथेंटिकेशनचा क्रमांक, बिघडवला की कारण २१ येतं, सोबत ऑट्स नावाची माहिती. एमएमई ती एचएसएसकडे पाठवतो, नवीन व्हेक्टर (ऑथेंटिकेशनच्या मूल्यांचा संच) येतो आणि अटॅच पूर्ण होतो. ट्रेसमध्ये ‘फेल्युअर’ असलेला संदेश आहे, पण बिघाड काहीच नाही. लाल ओळ शोधणाऱ्यांसाठी हे उत्तम औषध आहे.

*ग्राहकच नाही.* डेटाबेसमधून आयएमएसआय काढून टाका. एचएसएस ५००१ म्हणजे यूजर अननोन देतो. २९.२७२ च्या परिशिष्टातल्या तक्त्याप्रमाणे याचं रूपांतर नॅसच्या कारण ८ (सेवांना परवानगी नाही) मध्ये व्हायला हवं. तुमच्या लॅबमधल्या आवृत्तीने तेच दिलं का, ते तपासायला लावा. आणि हेही सांगा की कारण ८ मिळालेला फोन, तो बंद होईपर्यंत किंवा सिम काढेपर्यंत, ते सिम अवैध धरतो. म्हणून खऱ्या आयुष्यात एचएसएसमधली नोंद दुरुस्त झाली तरी ग्राहकाचा फोन मेलेलाच राहतो आणि तक्रार परत उघडते. उलट कारण १५ (या भागात योग्य सेल नाही) मिळालेला फोन दुसरा सेल किंवा दुसरं तंत्रज्ञान शोधत फिरतो. नुसतं कारण वाचून भागत नाही. ते मिळाल्यावर फोन पुढे काय करतो, तेही २४.३०१ मध्ये पाहायचं.

*चुकीचा एपीएन.* एपीएन म्हणजे फोनला कोणत्या डेटा नेटवर्कला जोडायचं त्याचं नाव. इथे दोन कारणं एकमेकांत गुंडाळून येतात. बाहेर अटॅच रिजेक्ट, कारण १९, म्हणजे ईएसएम (नॅसचा डेटा जोडणी सांभाळणारा भाग) फेल्युअर. आतल्या डब्यात पीडीएन कनेक्टिव्हिटी रिजेक्ट, आणि त्याचं कारण २७, अज्ञात एपीएन. बाहेरचं कारण पाहून थांबणारे खूप असतात. शिवाय एपीएन पहिल्या अटॅच रिक्वेस्टमध्ये असेलच असं नाही. तो सुरक्षा सुरू झाल्यावर ईएसएम इन्फर्मेशन रिस्पॉन्समधूनही येतो.

*गोठलेला एचएसएस.* माझा सगळ्यात आवडता प्रयोग. एचएसएसची प्रोसेस बंद करू नका, लिनक्सच्या स्टॉप सिग्नलने वीसेक सेकंद गोठवा आणि मग सोडा. जोडणी जिवंत दिसते, खालच्या ट्रान्सपोर्ट लेअरकडून पोचही येते, पण डायमीटरचं उत्तर येत नाही. अलार्मच्या पडद्यावर सगळं हिरवं आणि ग्राहक मात्र बाहेर, असा प्रसंग नेमका असाच घडतो. पोच देतं ते कर्नल आणि उत्तर द्यायचं असतं ते ॲप्लिकेशनने, हा फरक इथे डोक्यात पक्का बसतो.

याच प्रयोगात टायमर शिकवून घ्या. अटॅच रिक्वेस्ट पाठवल्यावर फोन टी३४१० म्हणजे १५ सेकंद थांबतो, मग टी३४११ चे १० सेकंद जाऊ देतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. पाच प्रयत्न फसले की टी३४०२ सुरू होतो, आणि त्याचं मूळ मूल्य १२ मिनिटं आहे. ‘दहा-बारा मिनिटांनी आपोआप रेंज येते’ असं ग्राहक सांगतो, तेव्हा तो नकळत तुम्हाला टायमरचं नाव सांगत असतो.

वाचण्याची शिस्त

एवढं झालं की प्रत्येक ट्रेससाठी एकच क्रम लावून द्या.

१. कॅप्चर कुठे आणि कधी घेतलं ते आधी लिहा. वेगवेगळ्या नोडवरच्या फायली असतील तर दोन्हींत असलेलं एकच पॅकेट शोधून घड्याळांतला फरक काढा. एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) चालू आहे म्हणून विश्वास टाकू नका.

२. त्याच नेटवर्कमधला यशस्वी ट्रेस शेजारी उघडा. दस्तऐवजातला फ्लो आणि प्रत्यक्षातला फ्लो यांत फरक असतोच, तुलना चांगल्या ट्रेसशीच करायची.

३. वरून खाली चालत या आणि दोन्ही ट्रेस पहिल्यांदा जिथे वेगळे होतात ती फ्रेम नोंदवा. ती विसंगती म्हणजे चुकीचा संदेशच असेल असं नाही. गायब झालेला संदेश, एखादं वेगळं पॅरामीटर किंवा नेहमीपेक्षा लांबलेला वेळ, काहीही असू शकतं.

४. पुढची चाल कुणाची होती आणि ती का झाली नाही ते लिहा. त्याच सीक्वेन्स नंबरने जीटीपीची रिक्वेस्ट पुन्हा-पुन्हा दिसत असेल तर ती नवी मागणी नाही, रिट्रान्समिशन आहे.

५. दस्तऐवजातलं कलम, फ्रेम नंबर आणि अजून कोणता पुरावा हवा, या तिन्हींशिवाय निष्कर्ष लिहू नका.

५जीकडे जाताना

पाया पक्का असेल तर ५जी लवकर उमगतं. यूईरॅनसिम हे ५जीचा फोन आणि टॉवर यांची नक्कल करणारं साधन नॅस आणि एनजीएपीसाठी छान आहे, पण त्यातला रेडिओचा भाग नुसता सिम्युलेट केलेला आहे, त्यावर आरआरसी शिकवू नका. इथे प्रक्रियेचा दस्तऐवज २३.५०२, नॅसचा २४.५०१.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे रजिस्ट्रेशन आणि पीडीयू सेशन (डेटाची जोडणी) वेगळे झाले. ‘नेटवर्क आहे पण डेटा नाही’ या तक्रारीत आता आधी पाहायचं की पीडीयू सेशनची मागणी तरी गेली का. स्लाइसचा (नेटवर्कच्या स्वतंत्र आभासी भागाचा) आकडा मुद्दाम चुकवून कारण ६२, म्हणजे स्लाइस उपलब्ध नाही, पाहून घ्या.

कोअरच्या आत डायमीटरच्या जागी एचटीटीपी/२ आलं. ओपन५जीएसमध्ये ते ७७७७ पोर्टवर चालतं, आणि त्या पोर्टची वाहतूक एचटीटीपी/२ म्हणून वाचायला वायरशार्कला सांगावं लागतं. एक अडचण हमखास येते: हेडर दाबून पाठवले जातात आणि ते उलगडायला जोडणीची सुरुवात लागते. म्हणून कॅप्चर आधी सुरू करा आणि कोअर नंतर.

व्होल्टीई, म्हणजे ४जीच्या डेटावरून आवाजाचा कॉल, हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, इथे फक्त दिशा सांगतो. आयएमएसचं (कॉल जोडणाऱ्या यंत्रणेचं) सिग्नलिंग क्यूसीआय ५ च्या (बेअररच्या दर्जाचा आकडा) बेअररवर आणि आवाज क्यूसीआय १ वर चालतो. एसआयपी, म्हणजे त्या सिग्नलिंगचा प्रोटोकॉल, एकटं वाचू नका. इन्व्हाइटनंतर (कॉल सुरू करणाऱ्या संदेशानंतर) आवाजासाठीचा क्रिएट बेअरर कधी आला, आला का, हे त्याच वेळरेषेवर ठेवून वाचा.

ट्रेसमधली माणसं

खऱ्या नेटवर्कचा ट्रेस म्हणजे कुणीतरी कधी, कुठे होतं आणि कुणाला फोन केला याची नोंद असते. शिकवण्यासाठी ती वापरू नये असं माझं ठाम मत आहे. आयएमएसआय बदलला तरी मोबाइल नंबर, आयएमईआय, एसआयपी हेडरमधली ओळख आणि सेल आयडी राहून जातात. लॅबमध्ये तोच बिघाड पुन्हा घडवा आणि तो ट्रेस वापरा. बिघाड पुन्हा घडवण्याची कसरत शिकवणाऱ्यालाही बरंच शिकवते.

परीक्षा

पर्यायांचे प्रश्न नकोत. प्रत्येकाला एक न पाहिलेला ट्रेस द्या, दोन तास द्या आणि एका पानाचा अहवाल मागा: पहिली विसंगती कोणत्या फ्रेममध्ये, तिचं कारण, ग्राहकाला काय जाणवलं असेल, दुरुस्ती कुणी करायची. दर चार ट्रेसमागे एक पूर्ण निरोगी ठेवा. ‘यात बिघाड नाही’ असं पुराव्यासह लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या, कारण प्रत्यक्ष कामात दुसऱ्या टीमने ढकललेल्या तक्रारीला हेच उत्तर द्यावं लागतं, आणि ते द्यायला सगळ्यात जास्त तयारी लागते.

अहवाल तपासून झाले की ते ट्रेस, अपेक्षित फ्लोचा कागद आणि सगळ्यात चांगला अहवाल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फाइलच्या नावात प्रक्रिया, मोडलेली गोष्ट आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. पुढच्या तुकडीचा ट्रेस संग्रह तिथूनच सुरू होतो.